स्टेपनीचं जावळ

त्या रविवारी उत्तनहून परतताना राई गावाजवळ मागचं चाक बसलं. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणालो, "त्यात काय! दहा मिनिटांचं काम." सौभाग्यवतींनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायका अशा वेळी बोलत नाहीत, नुसती वेळ नोंदवून ठेवतात.

आमच्या सात सीटच्या गाडीची स्टेपनी पोटाखाली असते, साखळीला टांगलेली. बंपरवरच्या भोकातून लांब सळई घालायची, आतल्या खाचेत बसवायची आणि उलटी फिरवायची, की स्टेपनी पाळण्यासारखी अलगद खाली येते. म्हणजे पुस्तिकेत येते. सळई मागच्या सीटमागे, तिच्यावर पिशव्या आणि पिशव्यांत सुके बोंबील. ते रस्त्याकडेला मांडताच दोन मांजरं आणि एक कुत्रा सहानुभूती दाखवायला जमले. सळई दोन वेढे फिरली आणि अडली. मी जोर लावला. सळई वाकली. स्टेपनी वीतभर खाली येऊन तिरकी लटकली, ना धड वर, ना धड खाली. शेवटी शर्ट काढून वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडीखाली शिरलो.

गाडीखाली माणसाला विचार फार सुचतात. स्टेपनी हा शब्द इंग्रजी, असं आपण समजतो. पण आजच्या इंग्रजाला विचाराल तर तो तोंडाकडे बघत राहील. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की साहेब रस्त्यात बसून ठिगळ लावायचा. १९०४ च्या सुमाराला त्या गल्लीतल्या डेव्हिस बंधूंनी युक्ती काढली. आरे नसलेली नुसती रिंग, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ते कडं बसलेल्या चाकालाच शिकंज्यांनी आवळायचं. नाव गल्लीचंच दिलं. पुढे अख्खं चाकच बदलता यायला लागलं, कडं गेलं, तिकडे शब्दही गेला. आपण मात्र तो असा जपला की एका वेल्श गल्लीचं नाव भाईंदरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या पाटीवर आहे. आता २०२० पासून सरकारनेच मुभा दिली आहे, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर लहान गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे डेव्हिस बंधूंनी...

"हे तुम्ही नक्की कुणाला सांगताय?" वरून आवाज आला. पावणेसहा.

खरं तर हा शब्द मला जिव्हाळ्याचा असायचं कारण वेगळं आहे. कंपनीच्या नाटकमंडळीत मला स्टेपनीच म्हणायचे. कामगार नाट्यस्पर्धेसाठी सलग चार वर्षं मी नायकाचा राखीव नट होतो. चारही नाटकं तोंडपाठ. नायकाला चार वर्षांत साधी शिंक आली नाही. पाचव्या वर्षी मंडळीच मोडली. तिसऱ्या नाटकातलं कोर्टातलं भाषण मी अजून आंघोळीच्या वेळी म्हणतो, आणि बरं म्हणतो.

एक गावकरी स्कूटर थांबवून खाली वाकला. "काका, जोर नका लावू. खारा वारा आहे इथला." एका बाजूला मिठागरं, पलीकडे खाडी. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, लोखंड कोरडं म्हणून राहतच नाही. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला मी दरवर्षी रंग काढतो. गाडीखालच्या साखळीला थेंबभर तेल घालावं, हे दहा वर्षांत एकदाही सुचलं नाही. का सुचावं? ती कुणाला दिसते?

तो घरून बाटलीत डिझेल घेऊन आला. वेढ्यांवर ओतलं आणि म्हणाला, "मुरू दे जरा." आम्ही तिघं लोणच्याची वाट बघावी तसे उभे राहिलो. मग त्याने हातोडीने हलकेच टकटक केली, आपल्या पान्याने फिरवलं, आणि स्टेपनी धप्पकन माझ्या वर्तमानपत्रावर बसली.

चिखलाचा थर पुसला. खाली नवंकोरं रबर. कारखान्यातून येताना टायरला रबराचे बारीक केस असतात ना, ते सगळे जागच्या जागी. जावळसुद्धा काढलेलं नव्हतं! सौभाग्यवतींनी त्यावरून हात फिरवला. कडेला चार आकडे होते, २३१५. म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. हवा निम्मीच होती. तेवढ्यावर बैलगाडीच्या वेगाने भाईंदर गाठलं.

पंक्चरवाल्याने जुन्या चाकातला खिळा काढला, मग स्टेपनी टॉर्चच्या उजेडात फिरवली. कडेला बारीक भेगा होत्या. "साब, ये बुड्ढा हो गया. फेंक दो."

"अरे, आज पहिल्यांदा चाललाय तो!" माझा आवाज थेट कोर्टातल्या भाषणाच्या पट्टीत गेला. शेजारचा चहावाला वळून बघायला लागला.

"चला नहीं तो क्या हुआ? उमर तो हो गई."

मी सौभाग्यवतींकडे पाहिलं. एरवी अशी संधी त्या सोडत नाहीत. त्यांनी नुसती बोंबलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.