कमरेवर हात

१२ जून २०१९. इंग्लंडमधल्या टाँटनच्या मैदानावर विश्वचषकाचा ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान सामना रंगात आला होता. वहाब रियाझच्या चेंडूवर डेव्हिड वॉर्नरने फटका उडवला, चेंडू आसिफ अलीच्या हातात आला आणि आला तसा निसटला. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. तिथे टक्कल आणि दाढी असलेले एक पाकिस्तानी गृहस्थ कमरेवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ओरडले नाहीत, कपाळावर हात मारला नाही, की खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही. ओठ मिटून नुसते बघत राहिले. त्या बघण्यात राग होता, कीव होती आणि 'मला वाटलंच होतं' हेही होतं. घरातल्या थोरल्या माणसाच्या चेहऱ्यावर हे तिन्ही एकदम दिसलं, की पोरं मुकाट्याने अभ्यासाला बसतात.

जेमतेम काही सेकंदांचं दृश्य ते! पण सामना संपायच्या आत जगभर फिरू लागलं. पहिला मान अर्थातच क्रिकेटवाल्यांचा. आपल्याकडच्या मंडळींनी तर शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशा चवीने ते बघितलं. मग कुणाला तरी सुचलं, की या चेहऱ्याला क्रिकेटची गरजच नाही. त्यावर लिहिलं गेलं: 'पाच मिनिटांत निघतो म्हणणाऱ्याने अजून आंघोळ केलेली नसते तेव्हा.' झालं, तिथून तो चेहरा सगळ्यांचा झाला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला 'एक छोटंसं काम होतं' म्हणणारा साहेब, अर्ध्यात लिफ्ट बंद पडलेली सोसायटी, साबुदाणा भिजवायला विसरलेली एकादशी, सगळीकडे हे गृहस्थ कमरेवर हात ठेवून हजर.

मराठी माणसाला या पवित्र्याची ओळख करून द्यावी लागली नाही. कमरेवर हात ठेवून किती काळ उभं राहता येतं, हे पंढरपूरने आपल्याला शिकवलेलं आहे. फरक इतकाच, की विठोबाच्या मुखावर भक्तांनी काहीही केलं तरी समाधान असतं. आपण प्रापंचिक माणसं. हात तिथवर पोचतात, समाधान पोचत नाही.

आपल्याकडे असल्या चेहऱ्यांचा तुटवडा आहे असंही नाही. 'हेरा फेरी' येऊन पाव शतक उलटलं, तरी बाबूराव गणपतराव आपट्यांचा जाड भिंगांचा चश्मा रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनवर उगवतो. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्यातली वाक्यं तर चित्रपट आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं फेकतात. पण बाबूरावांची मजा कळायला 'हेरा फेरी' पाहिलेला असावा लागतो, 'बनवाबनवी'तल्या धनंजय मान्यांची कळायला मराठी यावं लागतं. टाँटनच्या गृहस्थांची काहीच अट नाही. त्यांच्यासाठी क्रिकेट नको, भाषा नको, पासपोर्टही नको.

अशी मीम कुटुंबाच्या ग्रुपवर पोचते, ती मात्र आपल्या गतीने. आधी मुलं पाठवतात, मग मुलांचे आईबाप आणि सरतेशेवटी काका. काकांपर्यंत येईतो तो फोटो इतक्या हातांतून गेलेला असतो, की गृहस्थांच्या दाढीचा आणि मागच्या गर्दीचा एकच राखाडी डाग झालेला असतो. अफवांना आळा घालायला व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलायची मर्यादा घातली. २०२० पासून फार फिरलेला, दोन बाणांचा निरोप तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. काकांना काय त्याचं! निवृत्तीनंतर वेळच वेळ. ते एकेकाला निगुतीने पाठवतात. पुतणीचा साखरपुडा ठरल्याची बातमी ग्रुपवर आली, त्याखाली काकांनी हाच चेहरा टाकला. त्यांच्या मते गृहस्थ कौतुकाने बघत होते. दोन दिवस नवऱ्या मुलाच्या आईचा फोन आला नाही. तोवर पोरांनी नवा चेहरा शोधलेला होता, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात त्या सामन्याचं काय झालं? वॉर्नर १०७ वर बाद झाला, म्हणजे शतकानंतर सुटलेला तो झेल तसा स्वस्तातच पडला. ऑस्ट्रेलिया ४१ धावांनी जिंकली. मोहम्मद आमिरने ३० धावांत पाच बळी घेतले होते. आज ते आठवणीने कोण सांगतो? शतक करणारा बाजूला राहिला, पाच बळी घेणारा बाजूला राहिला आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक हाँगकाँगला मीम्सच्या संग्रहालयात जाऊन बसला, २०२१ साली! टाँटनच्या त्या सामन्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, १० जुलै २०१९ ला, त्याच विश्वचषकात मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात धोनी धावबाद झाला आणि आपण न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरलो. त्या संध्याकाळी आपल्याकडे टीव्हीपुढे किती जण कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत एवढंच. महिन्याभरापूर्वी ज्याला हसलो, त्याच्याच पवित्र्यात आपण उभे.

मला या मीमचं यश त्यातच दिसतं. आयुष्यात झेल सोडायची संधी आपल्याला क्वचित मिळते. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या हातून सुटतो आणि आपण सीमारेषेबाहेरून बघतो. बघणाऱ्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. या गृहस्थांनी तो एका चेहऱ्यात लिहिला, आणि तोही कुणाला एक शिवी न देता. तेव्हा हा चेहरा खुशाल पुढे पाठवा. फक्त पाठवण्याआधी वरची बातमी एकदा वाचा. साखरपुड्याची असेल, तर हात कमरेवर नको, जोडलेले बरे.