बिनगाडीचा ट्रेलर

चाकांवरचं घर म्हणून फिफ्थ व्हील घ्यावं की ट्रॅव्हल ट्रेलर, या विषयाचा माझा अभ्यास पूर्ण झालेला आहे. दोन्हींपैकी एकही घ्यायची ऐपत नाही, ओढायला लागणारी पिकअप नाही आणि गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत स्कूटर लावायलासुद्धा वॉचमनशी गोड बोलावं लागतं, हे मुद्दे अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे.

निवृत्त माणसाला एक विषय लागतो. आमच्या कट्ट्यावर एकाने मधुमेह घेतला, एकाने शेअर बाजार. इगतपुरी जवळ म्हणून एकाने विपश्यना धरली. तो दहा दिवस बोलत नाही आणि नंतर महिनाभर त्याविषयीच बोलतो. उरलं होतं चाकांवरचं घर. ते मी उचललं, कारण त्यात मला खोडून काढणारं दुसरं कोणी नव्हतं. खरं तर मला घर नकोच होतं. लोकांनी विचारावं आणि आपण दोन्ही बाजू मांडून सांगावं, एवढीच हौस.

दोन्ही बाजू अशा. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागे हुकाच्या गोळ्यावर अडकतो. त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या गोळ्यावर यावा लागतो. कमी आला की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि मग गाडीने कुठे जायचं ते तो ठरवतो. फिफ्थ व्हीलची मान थेट पिकअपच्या हौद्यात येते. तिथे जाड लोखंडी पाट असतो, त्यात ट्रेलरची पिन खटकन बसते आणि भार मागच्या आसावर पडतो. त्यामुळे तो डुलतो कमी, वळतो बरा, आणि हौद्यावर आलेल्या भागात वरच्या मजल्यासारखी झोपायची खोली निघते. हीच रचना पाहायची असेल तर आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जावं. कंटेनर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ड्रायव्हर मंडळी ‘घोडा’ म्हणतात. तिच्या पाठीवर ग्रीस थापलेला तो काळाकुट्ट पाट मी वाकून पाहत असताना एका क्लीनरने मला आरटीओचा माणूस समजून चहा पाजला. मीही तो समज दूर केला नाही.

कट्ट्यावर मी सांगितलं, “फिफ्थ व्हीलला पिन वेट जास्त असतं. पंधरा ते पंचवीस टक्के.”

“गुडघ्यात घातली का पिन?” शेअर बाजारवाले कळवळून म्हणाले. “आमच्या मेहुण्यांनाही घातली. जिने टाळा.”

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी वेगळीच शंका काढली. बारा-तेरा फूट उंच, दोन खोल्या, संडास, ओटा. हे वाहन आहे की वाढीव बांधकाम? मेंटेनन्स पार्किंगच्या दराने लावायचा की फ्लॅटच्या? एफएसआय कोणाचा? त्यांनी विषय सभेच्या अजेंड्यावर घेतला. न घेतलेल्या वाहनावर आलेला तो आमच्या सोसायटीतला पहिला आक्षेप, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

घरात मात्र ‘ही’ने एकच विचारलं, “संडासची टाकी रिकामी कोण करणार?”

टाकी दोन्हीत असते. दोन महिन्यांचा माझा तौलनिक अभ्यास त्या एका प्रश्नात वाहून गेला. मी २०२१च्या राज्य सरकारच्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणाचा आधार घेतला: कॅरॅव्हॅन पार्क होणार, तिथे पाणी, वीज, सांडपाणी, सगळी सोय. “म्हणजे घर ओढत न्यायचं आणि शेवटी सोय असेल तिथेच उतरायचं,” ती म्हणाली. “मग एमटीडीसीची खोली काय वाईट? निदान घाटात मागे बघावं लागत नाही.”

अशा वेळी माणूस गावाकडे जातो. निफाड तालुक्यात माझा चुलतभाऊ आहे, आप्पा. त्याच्याकडे दोन ट्रॉल्या, एक दोन चाकी आणि एक चार चाकी. मी त्याला हुकाचं, पिनचं, टक्क्यांचं सगळं सांगितलं. तो शांतपणे तंबाखू मळत होता.

“टक्के सोसायटीच्या कर्जाला असतात, साहेब,” तो म्हणाला. “इथं दांडीवर पाय देऊन बघायचं.”

आणि त्याने दाखवलं. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, म्हणून चिखलात ट्रॅक्टर पकड धरतो. कांदा पुढे जास्त भरला की चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो, मागे जास्त भरला की मागची चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात. चार चाकी आपला भार आपण घेते, माल जास्त नेते, पण पुढचा आस फिरता. दोन चाकी मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं. चार चाकीला उलट्याचं उलट. माझ्या अभ्यासातला एकही मुद्दा त्याला नवा नव्हता. उलट माझ्याकडे नसलेला त्याच्याकडे एक होता: चाक बदलताना ट्रॉली रिकामी कोण करतो.

आप्पाचा कांदा या ट्रॉल्यांतून लासलगावला जातो. आता ते सांगतोच, विषय सोडून होईल तरी. तिथली बाजार समिती १९४७ सालची. लिलाव गाडीवरच होतो. ट्रॅक्टर, पिकअप रांगेत उभे असतात आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो. एक जण हात कोपरापर्यंत ढिगात घालतो, आतला कांदा काढतो, अंगठ्याने पत्ती घासतो, बारीक गोल्टी किती ते बघतो. बोली क्विंटलची, पाच-दहा रुपयांनी चढते, आणि अजून चढेल असं वाटेपर्यंत घोळका पुढच्या ट्रॉलीला गेलेला असतो. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचं खळं, मग “खाली माल हलका निघाला” म्हणून पुन्हा घासाघीस. मी आप्पाबरोबर एकदा गेलो होतो. बोली चालू असताना तो व्यापाऱ्याकडे बघत नव्हता, कांद्याकडे बघत होता.

नंबर पुढचा लागावा म्हणून शेतकरी मंडळी रात्रीच निघतात. ढीग हाताने सपाट करायचा, वर ताडपत्री, ताडपत्रीवर गोधडी, उशाला डब्याची पिशवी. “गादीपेक्षा बरं,” आप्पा म्हणाला, “रात्रभर पाठीची मालिश होते.” मी हसलो. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली म्हणून मी जिची वर्णनं कट्ट्यावर करत होतो, ती ह्याच्याकडे कधीपासून होती, आणि त्याला ती नको होती.

८ डिसेंबर २०२३ला कांद्यावर निर्यातबंदी आली आणि लिलाव बंद पडले. आप्पा त्या रात्री भरल्या ट्रॉलीवर होता. लाल कांदा, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. सकाळी मी फोन केला तेव्हा त्याने कांद्याच्या भावाबद्दल एक शब्द काढला नाही. “तुझ्या त्या ट्रेलरचं काय झालं?” असं विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. सगळ्या अभ्यासाचा राग आला, आणि कोणावर काढावा तेही कळेना. बंदी पुढे मे २०२४ मध्ये उठली. तोवर त्याचा कांदा मिळेल त्या भावाने गेला होता.

तरीही हौस काही सुटत नाही, म्हणून माझं मत नोंदवून ठेवतो. कसाऱ्याचा घाट, गावोगाव लोंबणाऱ्या तारा आणि पेट्रोल पंपांची छपरं पाहता आपल्याकडे लहान, बुटका, दोन चाकी ट्रॅव्हल ट्रेलरच बरा. फिफ्थ व्हील सरळ रस्त्यांच्या आणि मोठ्या पिकअपच्या मुलखात शोभतं. चेअरमनसाहेबांनी अजेंड्यावरून विषय काढायला हरकत नाही. आणि तुम्ही रात्री निफाड-लासलगावच्या रस्त्याने जात असाल आणि पुढे ट्रॉल्यांची रांग लागली असेल, तर हॉर्न वाजवू नका. वर माणसं झोपलेली असतात, आणि त्यांना सकाळी भाव ऐकायचा असतो.