विक्रेता फासावर, ग्राहक नामानिराळा

खऱ्या खूनखटल्यांवरील ग्रंथांचा वाचक हा मोठा नीतिमान गृहस्थ असतो. शेवटच्या पृष्ठापर्यंत तो खुन्याचा धिक्कार करीत राहतो, आणि मृतांची संख्या अपेक्षेहून अल्प निघाल्यास पुस्तकविक्रेत्याकडे खट्टू मुद्रेने पाहतो. अशा सत्पुरुषांस एडिंबराच्या बर्क-हेअर प्रकरणाइतके उद्बोधक वाचन दुसरे नाही. 1828 साली या जोडीने 16 जीव घेतले आणि ती प्रेते शरीरविच्छेदनाचे वर्ग चालविणाऱ्या डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांस रोखीने विकली. प्रेत ताजे आहे एवढी खातरजमा झाल्यावर ते आले कोठून ही चौकशी करणे त्या विद्वानांस बहुधा असभ्यपणाचे वाटत असावे. पुढे हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क 28 जानेवारी 1829 रोजी फासावर चढला, त्याच्याच देहाचे जाहीर विच्छेदन होऊन सांगाडा विद्यापीठाच्या संग्रही जमा झाला, आणि त्याच्या कातड्याची म्हणून एक टिपणवही एडिंबराच्याच सर्जन्स हॉलच्या संग्रहालयात अद्यापि प्रेक्षकांची वाट पाहत आहे. नॉक्ससाहेबांवर मात्र फिर्याद झालीच नाही. 1832 च्या कायद्याने दरिद्री जनांची बेवारस प्रेते शरीरशास्त्रास रीतसर मिळू लागली, म्हणजे सुधारणा झाली तीही पुरवठ्याचीच. गिऱ्हाइकावर खटला भरण्याची वहिवाट तेव्हा नव्हती, आजही नाही; तस्मात सुज्ञ वाचकांनी पुढील खंडाची मागणी निर्धास्तपणे नोंदवावी.