पडद्यामागची झाडलोट

डोळ्याच्या पडद्याला मागून चिकटून रंगद्रव्य पेशींचा एकपदरी थर असतो. यांच्याइतकं मुकाट राबणारं शरीरात क्वचितच कुणी असेल. पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा झटकून टाकतात. त्यातल्या दंडाकार पेशींचा हा कचरा तर उजाडता उजाडताच पडतो. रंगद्रव्य पेशी तो चक्क गिळतात. सुट्टी नाही, बदली नाही. नवी भरतीही जवळजवळ नाहीच, जन्मापासूनच्या पेशींनीच म्हातारपणापर्यंत रेटायचं.

पण रोज एवढं गिळलेलं सगळंच कसं पचणार? थोडा पिवळट गाळ पेशीच्या पोटात साचतो. शिवाय या पेशी मेदाचे बारीक कण मागच्या दाराने बाहेर सोडतात. मागे असतो ब्रुखचा पापुद्रा. कार्ल ब्रुख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये त्याचं वर्णन केलं. तरुणपणी त्याची जाडी जेमतेम २ मायक्रॉन. पलीकडच्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायू आणि खुराक यातूनच यायचा, केरही यातूनच जायचा. आपलं अंगण लख्ख झाडून पालापाचोळा कुंपणाकडे लोटणारे गृहस्थ आपण पाहिलेले आहेत. ही त्याच पंथाची मंडळी. फरक इतकाच, की यांचं जेवणही त्याच कुंपणातून येतं.

वर्षानुवर्षं मेद साचून पापुद्रा जाड होतो, तेलकट होतो, कडक होतो. त्यावर ड्रुसेन नावाचे पिवळे उंचवटे उठतात. ते उपसायला भक्षक पेशी धावून येतात आणि त्यांच्या विकरांनी पापुद्राच विरघळू लागतो. (मदतीला आलेल्यांपासून सांभाळावं, हे शरीरालाही लागू आहे तर!) उपाशी रंगद्रव्य पेशी ‘रक्त पाठवा’ म्हणून व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. मग नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या चिरांतून आत घुसतात आणि पाझरतात. सगळ्यांच्याच नशिबी हे येत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मात्र जास्त येतं.

पाझराने पडदा असा उचलला गेला, की आजोबांना दाराची चौकट वाकडी दिसते आणि ते सुताराला बोलवा म्हणतात. बोलवायचं असतं नेत्रतज्ज्ञाला. व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन थेट डोळ्यात देतात, हे ऐकून चौकट एकदम सरळ दिसायला लागल्याचंही काही आजोबा सांगतात! त्यांच्या हाती ॲम्स्लरचा चौकटींचा कागद द्यावा आणि एकेक डोळा झाकून रेषा सरळ दिसतात का ते बघायला लावावं. दोन्ही डोळे उघडे असले, की धडका डोळा दुसऱ्याचं बिंग फुटू देत नाही.