लाल टिकली

काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत परवा समकालीन चित्र-शिल्पांचं प्रदर्शन पाहिलं. पाहिलं म्हणजे, आधी वाचलं. चित्र वीतभर आणि शेजारचा मजकूर हातभर. ‘अवकाशाशी संवाद’ तर पाच ठिकाणी चालू होता. चित्रं मात्र गप्प.

कोपऱ्यात ॲल्युमिनियमची शिडी होती, पायऱ्यांवर पांढऱ्या रंगाचे वाळलेले ओघळ. आम्ही चौघं माना तिरक्या करून भोवती उभे. एक काका पुटपुटले, “श्रमाचं अमूर्तीकरण!” तेवढ्यात दिवा बदलायला आलेला माणूस शिडी खांद्यावर टाकून चालता झाला. काका जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, “अच्छा, परफॉर्मन्स होता तर.”

हसू नका. कलाकार मौरित्सिओ कातेलाननं २०१९ मध्ये मायामीत चिकटपट्टीनं भिंतीला केळं लावलं. त्याच कलाकृतीची एक आवृत्ती २०२४ च्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्यानं केळं चक्क खाल्लं. निदान पोटात तरी काही गेलं. आपल्या जहांगीर कलादालनातलं ‘समोवार’ उपाहारगृह मात्र २०१५ मध्ये बंद झालं. तिथे न कळलेलं चित्र चहाबरोबर गिळता यायचं.

निघताना एका रिकाम्या खिळ्याशेजारी लाल टिकली दिसली. खिळा विकला गेला होता म्हणे.