पंप सोडून सगळं

बऱ्हाणपुरात राजपुरा, प्रतापपुरा, शिकारपुरा, कुठल्याही पुऱ्यात जा, एक फियाटवाले नाना सापडतातच. गाडी कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. नानांच्या तोंडी मात्र फियाट. नवं शतक उजाडता उजाडता ती निघायची बंद झाली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा आमच्या नानांनी दाढी केली नव्हती. ओळख करून देताना ते आधी इंजिन १०८९ सीसी असल्याचं सांगतात, आडनाव नंतर.

गाडी शनवाऱ्यापासून सिंधी बस्तीपर्यंत तक्रार न करता जाते. इंदूर रस्त्याला असीरगडचा चढ लागला की आचके देते आणि बंद पडते. जरा थंड झाली की पुन्हा सुरू. चढावर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे गाडीच्या पंपाकडे बघावं, हे कोणीही सांगेल. पण नाना निदान इतक्या स्वस्तात उरकत नाहीत. आधी प्लग काढून पॉलिश पेपरने घासतात. मग पॉइंट, मग कंडेन्सर. मग कार्बोरेटर खोलून जेट तोंडाने फुंकतात. मग पेट्रोल पंपवाल्याचा उद्धार होतो आणि शेवटी सरकारचा. “पेट्रोलात उसाचा रस ओततात, जुनं रबर टिकेल कसं?” यात नानांचं चुकत नाही, इथेनॉलने जुन्या रबराचे पडदे फुगतात, चिरतात. असा एक पडदा आपल्याही पंपात आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात येत नाही.

“नानाजी, पंप गया,” गाडी बघणारे मेकॅनिक उस्ताद म्हणतात.

“पंप ओरिजिनल आहे,” नाना म्हणतात. ओरिजिनल वस्तूला मरण नसतं, अशी या जमातीची श्रद्धा आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. कार्बोरेटरकडची नळी काढून डब्यात सोडायची आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. पिचकारी उडाली तर पंप जिवंत, थेंब थेंब गळलं तर रामनाम. पण दोन मिनिटांत निकाल लागला तर संध्याकाळपर्यंत बॉनेटभोवती जमणाऱ्या मंडळींनी करायचं काय?

मे महिन्यात नाना पंपावर ओलं फडकं टाकतात. तेही पुरेना, तेव्हा त्यांनी इतिहासाला हात घातला. “१६१५ साली खानखानाने कुंडी भंडारा बांधला. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून गावात आलं. कुठे होता पंप?” आणि पेट्रोलची बाटली बॉनेटला उलटी टांगून नळी थेट कार्बोरेटरला जोडली. गाडी सुरू झाली, हे कबूल केलं पाहिजे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टांगून बसणाऱ्या माणसाशेजारी बसायला कोणी तयार झालं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. काकू रिक्षाने गेल्या.

शेवटी उस्तादांनी वाद न घालता इंजिनातली डिपस्टिक ओढली आणि नानांच्या हातात दिली. नानांनी तेलाचा थेंब चिमटीत चोळला, हुंगला, पुन्हा हुंगला. पेट्रोल. पंपातला तो पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. नाना बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

नवा पंप इंदूरहून आला. उस्तादांनी टाकीकडची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खोचला, दोन नट सोडले, जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडलं, नवं लावलं, पंपाचा खटका बोटाने हलवून पेट्रोल वर आणलं आणि सेल्फ मारला. गाडी लगेच बोलली. ओट्यावरून काकूंनी विचारलं, “दोनच नट होते?”

नाना तेव्हापासून असीरगडला दोनदा जाऊन आले, आणि गावात सांगतात की दोष मुळात कार्बोरेटरचाच होता, पंप आपला सावधगिरी म्हणून बदलला. जुना पंप दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलाय. पेट्रोल उतरून तेल पातळ झालं की बेअरिंग खराब होतात, तेव्हा पंपाबरोबर तेलही बदला, असं उस्तादांनी बजावलं होतं. नाना म्हणाले, “तेल अजून बरं आहे.” तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर गप्पांना नानांकडे जरूर बसा, पण तेलाच्या बाबतीत उस्तादांचं ऐका.