‘काय टिपणार?’ एवढं तरी विचारायचं होतं

पुण्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानाच्या मालकांस खुले पत्र

मालक,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपली रीत आहे. या पत्रात ती मोडतो, कारण मी भांडायला आलो आहे.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची पहिला डीएसएलआर घ्यायला तुमच्याकडे आली होती. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, त्यात आजीने घातलेली भर होती. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, चहा मागवलात आणि एकच प्रश्न विचारलात: “बजेट किती?” तिने खरा आकडा सांगितला. तिथून पुढे तुमचा नेम जराही चुकला नाही. जिथे तिचं बजेट संपलं, नेमकं तिथेच तुमचं बिल संपलं.

मधला प्रश्न तुम्ही गाळलात. ‘बाळ, फोटो कशाचे काढणार?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत. विचारलं असतंत, तर उत्तर तयार होतं. तिच्या कॉलेजची एकांकिका पुरुषोत्तम करंडकाला बसते. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा भरत नाट्य मंदिरात होते आणि तिच्या आधी कॉलेजातली मुलं रात्र रात्र तालमी करतात. एखादा रिकामा वर्ग किंवा हॉल, छताला दोन ट्यूबलाइट, त्यातली एक मिणमिणती. तिला त्या तालमी टिपायच्या होत्या. म्हणजे कमी उजेड, हलती माणसं आणि फ्लॅश मारायची सोय नाही.

तुम्ही तिला दिलंत काय? चोवीस मेगापिक्सेलची बॉडी, १८-५५ ची किट लेन्स, ‘लांबचंही दिसेल’ म्हणून स्थिरीकरण नसलेली ७०-३०० ची लेन्स आणि ‘फ्री’ म्हणून बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर आणि पुढे फिरवून बसवायचं वाइड अँगलचं भिंग. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती घरी आली. तालमीच्या पहिल्याच रात्री काढलेले फोटो तिने मला दाखवले. नायिकेचा चेहरा ओळखू येत होता, पण तिने उगारलेल्या हाताच्या जागी एक फिकट पट्टा होता. दुसऱ्या फोटोत तिघांच्या तिघांचे चेहरे पुसलेले. पोरीला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. मालक, माझा राग कॅमेऱ्याच्या किमतीसाठी नाही. तिला असं वाटायला लावलंत, त्यासाठी आहे.

तिचा दोष नव्हता, हिशेबाचा होता. तो हिशेब तुम्हाला येतो आणि तिला येत नव्हता, म्हणून इथे मांडतो. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही. त्या हॉलमध्ये आयएसओ १६०० ठेवला तरी शटर १/१५ सेकंदावर उतरतं आणि तेवढ्या वेळात नटाचा हात कुठल्या कुठे जातो. त्याच उजेडात एफ १.८ ची लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. शटर १/१२५ वर जातं आणि उगारलेला हात हातासारखा दिसतो. आणि तुमची ती लांबची लेन्स? निकॉनच्या छोट्या सेन्सरवर ३०० मिमी ही ४५० सारखी वागते. हातात धरून फोटो स्थिर यायला तिला १/५०० च्या आसपास शटर लागतं आणि हॉलमध्ये मिळतं १/१५. म्हणजे ती लेन्स त्या पोरीला दिवसा मैदानावर चालेल. रात्री तालमीत नाही आणि तालमीशिवाय तिला दुसरं काही टिपायचंच नव्हतं.

निकॉनची ३५ मिमी एफ १.८ ही डीएक्स लेन्स २००९ पासून बाजारात आहे. वजन २०० ग्रॅम, आणि खोलीतल्या माणसांसाठी तिचा कोन अगदी सोयीचा. कॅननकडे ५० मिमी एफ १.८ एसटीएम आहे. ती छोट्या सेन्सरवर ८० सारखी वागते, म्हणून चार पावलं मागे सरकावं लागतं, पण चेहऱ्यांसाठी ती उत्तम. लांबच्या लेन्सचे पैसे यांपैकी एकीत घातले असते, तर पोरीचं काम झालं असतं. यातली एकही तुम्ही काचेच्या कपाटातून काढून दाखवली नाहीत. का नाही, हे मी विचारत नाही. तिच्यात फ्रीच्या पिशव्यांइतका नफा सुटत नसावा.

आता मेगापिक्सेल. शेजारच्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगत होतात, “हा अठरावाला जुना झाला, चोवीसवालाच घ्या.” माझ्या भाचीलाही तेच. अठराचा फोटो ५१८४ पिक्सेल रुंद असतो, चोवीसचा ६०००. रुंदीत फरक जेमतेम १६ टक्के. १२ बाय १८ इंचाचा फोटो उत्तम दर्जात छापायला १ कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात आणि ८ बाय १२ ला ८६ लाख पुरतात. कॉलेजच्या भिंतीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर लागणाऱ्या फोटोंसाठी जुना अठरावाला भरपूर झाला असता. फरकाचे पैसे लेन्सला गेले असते. हलून पुसट झालेला चेहरा तुम्ही चोवीस मेगापिक्सेलमध्ये टिपलात, तर तो चोवीस मेगापिक्सेलमध्ये पुसट दिसतो, बस.

फुकटच्या वस्तूंबद्दल चारच वाक्यं. तो ट्रायपॉड मधला दांडा वर काढला की आरसा उचलल्याच्या धक्क्याने हलतो. यूव्ही फिल्टर रंगमंचावरच्या दिव्यांसमोर धरला की फोटोत हिरवट ठिपके उमटतात. ते फिरवून बसवायचं भिंग लावल्यावर फोटोच्या चारी कडा विरघळतात. या तिन्ही गोष्टी तिने काढून ठेवल्या, तेव्हाच तिचे फोटो सुधारू लागले.

तिला चष्मा आहे, हे तुम्ही पाहिलंत. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं. ते फिरवून आपल्या नजरेप्रमाणे चित्र स्पष्ट करून घ्यायचं असतं. ते चाक दाखवायला दहा सेकंद लागतात. तुम्ही दाखवलं नाहीत. चष्म्याच्या दुकानात डोळे न तपासता फ्रेम बांधून देणाऱ्याला आपण काय म्हणू? निरनिराळ्या बॉडी तिच्या हातात देऊन बोट शटरवर नीट पडतं का, करंगळी हवेत लोंबकळते का, एवढंही तुम्ही पाहिलं नाहीत. खोका उघडला, सील फुटलं, “आता परत होणार नाही” हे मात्र लगेच सांगितलंत. पक्कं बिल हवं असेल तर जास्त पडतील, हेही सांगितलंत. बिलाशिवाय वॉरंटी कार्डाला कागदाच्या तुकड्याइतकी किंमत असते, हे सांगायचं राहिलं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. “हा लेटेस्ट आहे” असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात. २०२० मध्ये आलेला ईओएस-१डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर असेल, असं कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस जाहीरपणे सांगितलं. निकॉननेही २०२० च्या डी६ आणि डी७८० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोन्ही कंपन्यांनी २०१८ पासून आपलं बळ आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमागे लावलं आहे. यात लपवण्यासारखं काय होतं? नवशिक्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. जाणकार मंडळी आपले उत्तम डीएसएलआर विकून मिररलेसकडे वळली, म्हणून चांगल्या बॉडी आणि चांगल्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्त झाल्या. शिकायला डीएसएलआरइतकं प्रामाणिक यंत्र नाही. भिंगातून आलेला उजेडच थेट डोळ्याला दिसतो, बॅटरी लवकर उतरत नाही आणि अॅपर्चर, शटर, आयएसओ यांची एकेक कळ बोटाखाली येते.

तिने वापरलेल्या कॅमेऱ्याबद्दल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका.” भानगड कशी टाळायची, हे तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो, म्हणजे पुढच्या मुलांना उपयोग होईल. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये आजवर किती वेळा शटर पडलं, त्याचा आकडा लिहिलेला असतो. डी७१०० किंवा डी७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. तीस-चाळीस हजारांचा आकडा दिसला, तर कॅमेरा तरुण आहे. या दोन्ही बॉडींमध्ये फोकसची मोटर आहे, म्हणून मोटर नसलेल्या जुन्या, स्वस्त ‘डी’ लेन्सही त्यांच्यावर आपोआप फोकस करतात. नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या डी३५०० वर त्याच लेन्स हाताने फिरवाव्या लागतात. लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि पुढून पाहायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणाकडच्या लेन्समध्ये पावसाळ्यानंतर ती हमखास सापडते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. आणि घरी आल्यावर कॅमेरा कपाटातल्या बॅगेत कोंडायचा नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचा. हे सगळं शिकायला एक दुपार पुरते.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. देश स्वतंत्र होत असतानाची दिल्ली त्यांनी टिपली, ती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांनी. रोलायफ्लेक्सची लेन्स बदलता येत नाही, झूम होत नाही आणि एका रोलमध्ये बाराच फोटो. जवळचं हवं तर पाय पुढे टाकायचे, दूरचं हवं तर मागे घ्यायचे. एका कोनातून बघायची सवय लागते आणि त्यातूनच नजर घडते. ती सवय लागायच्या वयात तुम्ही माझ्या भाचीच्या खांद्यावर तीन भिंगांचं ओझं दिलंत.

आता माझी मागणी. तुमच्या दुकानात मागे एक स्टोअररूम आहे, तिथे एकच ट्यूबलाइट आहे. तीच खोली पहिल्यांदा कॅमेरा घ्यायला येणाऱ्यांसाठी मोकळी करा. एक बॉडी, एक किट लेन्स आणि एक एफ १.८ ची लेन्स तिथे ठेवा. गिऱ्हाइकाला दोन्ही लेन्सनी हलत्या माणसाचे फोटो काढू द्या. आधी विषय विचारा, मग उजेड विचारा आणि पैशाचं शेवटी विचारा. फ्रीच्या वस्तूंची किंमत वजा करून कॅमेऱ्याचा भाव सांगा. बिल न मागता द्या. आणि माझ्या भाचीची ती लांबची लेन्स परत घेऊन त्या पैशांत तिला ३५ मिमी द्या. लेन्स जशीच्या तशी आहे, डाग नाही की ओरखडा नाही.

जून उजाडला की कॉलेजं सुरू होतील आणि नव्या मुलांची रांग तुमच्या काउंटरवर लागेल. त्यांच्यापैकी एखादी मुलगी पुढे फोटोग्राफर होणार आहे, एखादा मुलगा नाटकाचा इतिहास जपणार आहे. त्यांचा पहिला कॅमेरा कोणता असेल, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. एवढं काम नीट केलंत, तर त्या मुलांना हाताला धरून तुमच्याच दुकानात घेऊन येईन. केलं नाहीत, तर प्रत्येक कॉलेजच्या तालमीच्या हॉलमध्ये जाऊन तोच हिशेब फळ्यावर मांडीन: एफ ५.६ ला १/१५, एफ १.८ ला १/१२५. तो कळला की मुलं तुमच्याकडे काय मागायचं, ते स्वतःच ठरवतील.

आपला,
एका मुलीचा चिडलेला मामा